पाण्यातला झिम्मा: थीमवर आधारित वॉटर एरोबिक्स वर्गाचा तीन महिन्यांचा अनुभव

उजव्या गुडघ्याची झीज सुरू झाल्याचे निदान झाल्यावर डॉक्टरांनी जिने चढणे, मांडी घालून बसणे आणि सकाळचे भरभर चालणे हे सारे बंद करून पाण्यातला व्यायाम सुचवला, तेव्हा मला पोहता येत नाही, ही सबब मी लगेच पुढे केली होती. वॉटर एरोबिक्ससाठी पोहता यावे लागत नाही, पाय तळाला टेकतील एवढ्याच पाण्यात उभे राहून व्यायाम करायचा असतो, हे मला नंतर कळले. पुण्याच्या पश्चिम भागातील एका क्लबच्या बंदिस्त तलावात महिलांसाठी असा वर्ग चालतो. जुलै ते सप्टेंबर या बॅचचे आकर्षण म्हणून दर पंधरवड्याला एक थीम असेल, असे जाहिरातीत म्हटले होते. आठवड्यातून तीन दिवस, सकाळी साडेदहापासून पन्नास मिनिटे आणि तीन महिन्यांचे शुल्क नऊ हजार रुपये असा हिशेब होता. ज्या गोष्टी खटकल्या त्या मी व्यवस्थापनाच्या कानावर समक्ष घातल्या असल्याने क्लबचे नाव येथे लिहीत नाही. शिवाय असे थीमचे वर्ग आता अनेक ठिकाणी निघू लागले आहेत आणि येथे जे लिहिले आहे ते त्यांतील बहुतेकांना तपासून पाहता येईल.

छातीपर्यंतच्या पाण्यात उभे राहिले की शरीराच्या वजनाचा साधारण तिसरा हिस्साच पायांवर येतो आणि कमरेइतक्या पाण्यात जवळजवळ निम्मा. त्यामुळे जमिनीवर ज्या उडीचा विचारही मी करू शकत नाही ती उडी पाण्यात बिनधास्त मारता येते. मात्र पाणी एका हाताने देते आणि दुसऱ्या हाताने वसूलही करते. हात दुप्पट वेगाने फिरवला की पाण्याचा विरोध दुप्पट नव्हे, सुमारे चौपट होतो. म्हणजे व्यायाम किती जड करायचा हे ज्याचे त्याने वेगावरून ठरवायचे आणि वेग किती ठेवायचा हे शेवटी पाणीच ठरवणार. थीमचा वर्ग आखताना हीच गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यायला हवी आणि नेमकी तीच सर्वांत आधी विसरली जाते, असे या तीन महिन्यांत मला वारंवार जाणवले.

आमच्या प्रशिक्षिका तिशीतल्या आहेत आणि थीम नसलेल्या दिवशीचा त्यांचा वर्ग निर्दोष म्हणावा इतका चांगला असतो. त्या काठावर रबरी चटई टाकून, घसरणार नाहीत असे बूट घालून उभ्या राहतात आणि प्रत्येक हालचाल जमिनीवरही पाण्याच्याच संथ गतीने करून दाखवतात. हे वाटते तितके सोपे नाही, कारण जमिनीवर पाय झरकन वर जातो आणि पाण्यात तोच पाय वर यायला दीड-दोन पट वेळ लागतो. गाण्यांचा ठेका मिनिटाला १२५ ते १५० मात्रांच्या दरम्यान असतो आणि आम्ही एक मात्रा सोडून एक अशी पावले टाकतो. बंदिस्त तलावात आवाज इतका घुमतो की सूचनेतले अर्धे शब्द विरून जातात, म्हणून त्या बोटांनी मोजणी दाखवतात. चार बोटे वर म्हणजे चार मात्रांनंतर बदल, तळहात खाली म्हणजे वेग कमी. नाडीचे ठोके मोजण्यावर त्यांनी आम्हाला विसंबू दिले नाही. पाण्याच्या दाबामुळे हृदयाकडे परतणारे रक्त वाढते आणि त्याच श्रमाला ठोके जमिनीपेक्षा कमी पडतात, म्हणून ‘शेजारणीशी एक वाक्य बोलता येते का ते पाहा, दोन वाक्ये आली तर जोर वाढवा’ असा त्यांचा साधा नियम आहे. गप्पांच्या बाबतीत आमच्या बॅचमध्ये कधीच कमतरता नसल्याने तो नियम आम्हाला अंमळ जाचक वाटला, एवढेच.

अशा उत्तम वर्गाला पहिल्याच थीमने दृष्ट लागली. ‘बीच पार्टी’ या नावाखाली क्लबने तलावाच्या कठड्यावर क्रेप कागदाच्या झालरी लावल्या, पाण्यात फुगवलेली बदके आणि पाण्याचे चेंडू सोडले आणि आम्हा बावीस जणींच्या गळ्यात कागदी फुलांच्या माळा घातल्या. व्यायाम मात्र नेहमीचाच होता. दहा मिनिटांत माळा भिजून गळाल्या, त्यांचा गुलाबी रंग पाण्यात उतरला आणि कागदाचा लगदा जाळीत जाऊन बसला. बदके ढकलण्यात निम्मा वेळ गेला आणि दुसऱ्या दिवशी गाळणी साफ करण्यासाठी तलाव बंद ठेवावा लागल्याने दुसऱ्या एका बॅचचा एक वर्ग बुडाला. पुण्याला समुद्र नाही म्हणून तो आणण्याची हौस मी समजू शकते, पण ज्या थीममुळे अंगाची एकही हालचाल बदलत नाही, तिला व्यायामाच्या वर्गात काही काम उरत नाही.

आषाढातली ‘रिंगण’ ही थीम याच्या अगदी उलट निघाली. वारीचे नाव व्यायामाला द्यावे का, असा प्रश्न आमच्यातल्या दोघी-तिघींनी काढला होता आणि तो मला गैर वाटला नाही. प्रशिक्षिकांनी पताका, टाळ वगैरे काहीही न आणता केवळ वर्तुळ आणि पावली एवढेच घेतले, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. सर्व जणींनी एकाच दिशेने गोल चालायचे, मग जलद चालायचे आणि मग धावायचे, असे तीन-चार फेरे झाले की तलावातले पाणीच त्या दिशेने फिरू लागते. त्या क्षणी शिट्टी वाजते आणि सर्वांनी उलट वळायचे असते. जे पाणी आतापर्यंत पाठीला रेटत होते ते आता छातीवर येते, पाय जागचे हलत नाहीत, कोणी हसत सुटते, कोणी दोन पावले मागे वाहत जाते. पाण्यात धरायला काही नसताना तोल सावरण्यासाठी पोटाच्या आणि पाठीच्या स्नायूंना किती काम पडते, ते दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठताना समजले. ही वॉटर एरोबिक्समधली जुनी आणि सर्वत्र केली जाणारी क्रिया आहे, पण ‘रिंगण’ म्हटल्याबरोबर ती कशी करायची हे कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

त्यातही एक चूक राहिली. तलावाचा उथळ भाग साडेतीन फुटांपासून सुरू होऊन उताराने पाच फुटांपर्यंत जातो. रोज आम्ही उंचीप्रमाणे उभ्या राहतो, म्हणजे प्रत्येकीला पाणी साधारण छातीच्या खालच्या बाजूला येते. मोठे वर्तुळ करायचे म्हटल्यावर ही व्यवस्था मोडली आणि माझ्यासारख्या चार फूट अकरा इंचांच्या बाईला दर फेरीत एकदा हनुवटीपर्यंतच्या पाण्यातून जावे लागले. दुसऱ्या खेपेला त्यांनी उथळ बाजूला बुटक्यांचे आणि खोल बाजूला उंच बायकांचे अशी दोन लहान वर्तुळे केली, हे त्यांच्या बाजूने नमूद करायला हवे.

‘कोळीवाडा’ ही थीम निम्मी जमली. फोमचा लांब नूडल घोड्यासारखा पायांत घेऊन, तरंगत, दोन्ही हातांनी वल्हे मारल्यासारखे पाणी मागे ढकलत तलावाची रुंदी पार करणे हा खांद्यांसाठी आणि पाठीसाठी फार चांगला व्यायाम आहे आणि त्यात थीमही सहज मुरते. अडचण आली ती जागच्या जागी धावताना. अनेक कोळीगीतांचा ठेका तीन-तीन मात्रांच्या झोक्याचा असतो, होडी हेलकावे खाते तसा, आणि एक-दोन, एक-दोन अशी धाव त्यावर बसत नाही. निम्म्या जणी गाण्याबरोबर आणि निम्म्या प्रशिक्षिकांबरोबर चालल्या होत्या. पुढच्या पायावर झुकून मागच्या पायावर परत येण्याचा झोका त्यांनी अखेरच्या दहा मिनिटांत घेतला तेव्हा सगळे एकदम जुळले. गाणे आधी ऐकून मग हालचाल निवडली असती, तर पहिली चाळीस मिनिटे वाया गेली नसती.

श्रावणातली थीम आखण्याचे काम प्रशिक्षिकांनी आम्हा तिघींवर सोपवले आणि हा या बॅचमधला त्यांचा सर्वांत शहाणपणाचा निर्णय होता, असे मी स्वतःच त्या तिघींपैकी एक असूनही म्हणते. विषय अर्थातच मंगळागौर ठरला. लग्नानंतरची पहिली पाच वर्षे श्रावणातल्या मंगळवारी रात्रभर खेळ खेळलेल्या, पण गेली वीस-पंचवीस वर्षे गुडघ्यांमुळे नुसत्या कडेला बसून टाळ्या वाजवणाऱ्या बायका आमच्या बॅचमध्ये निम्म्याहून अधिक आहेत. आम्ही तिघींनी एका दुपारी कागद-पेन घेऊन आठवतील तेवढे खेळ लिहून काढले आणि दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर पंधरा मिनिटे थांबून, प्रशिक्षिका काठावर उभ्या असताना, ते एकेक करून पाण्यात खेळून पाहिले.

बसफुगडी पहिल्याच मिनिटाला बाद झाली, कारण उकिडवे बसले की पाणी थेट नाकात. उभी फुगडी करून पाहिली तर पायाशी पाय जुळवून मागे रेलताच पायच तळावरून सुटले आणि आम्ही दोघी हात धरून आडव्या तरंगू लागलो. त्यात ओले हात निसटण्याची भीती होती, म्हणून फुगडी चालत्या पावलांनी आणि एकमेकींची मनगटे धरून करायची असे ठरले. पिंग्यातले डोके घुमवणे आम्ही वगळले. चक्कर आलेली बाई जमिनीवर खाली बसते, पाण्यात तिला बसायला जागा नसते. कोंबडा मात्र पाण्यासाठीच जन्माला आला असावा. गुडघे छातीशी घेऊन उडी मारायची आणि अलगद खाली यायचे, ही उडी छातीभर पाण्यात माझ्या झिजलेल्या गुडघ्यानेही तक्रार न करता सोसली. सुपाच्या जागी पोहायला शिकवताना वापरतात तो किकबोर्ड घेतला. तो उभा धरून पाण्याखाली पुढे-मागे ढकलला की पाखडल्यासारखी हालचाल होते आणि दंडांना चांगला पीळ बसतो, आडवा धरला तर तोच सुळकन पुढे जातो. जिला जड वाटेल तिने तो तिरका धरावा, असे सांगून ठेवले.

झिम्म्याने मात्र आम्हाला अडवले. टाळी पाण्याखाली वाजवायची, म्हणजे हात समोर आणताना छातीला आणि मागे नेताना पाठीला व्यायाम होतो, एवढी युक्ती आम्हाला सुचली होती. पण पाण्याखालच्या टाळीला आवाज नसतो! आमच्यातल्या एका मैत्रिणीने दोन-तीनदा हात आपटून पाहिले आणि काठाकडे बघून तक्रार केली, “मॅडम, टाळीच ऐकू येत नाही, झिम्मा खेळायचा कशावर?” खरोखरच ज्या खेळात टाळी हाच ताल, तो मुक्या टाळीवर चालत नाही. दोन टाळ्या पाण्याखाली आणि तिसरी डोक्याच्या वर, हवेत, असा तोडगा प्रशिक्षिकांनी काढला. बावीस जणींची तिसरी टाळी एकदम पडली की बंदिस्त छताखाली ती अशी काही कडाडते की पुढची दोन पावले आपोआप तालात पडतात. झिम्म्याची गाणी शेवटाकडे द्रुत होत जातात, ती पद्धत आम्हाला सोडावी लागली. पाण्यात लय वाढवली तर हालचाल वेगवान होण्याऐवजी आखूड होत जाते आणि व्यायाम वाढण्याऐवजी घटतो. मोबाइलवर मात्रा मोजून आम्ही एकसारख्या लयीची चार गाणी निवडली आणि रंगत चढवण्याचे काम वेगाऐवजी जोडीदारीण बदलण्यावर सोडले.

खरा पेच पडला तो बांगड्यांवरून. मंगळागौर म्हणजे हिरवा चुडा आलाच आणि हौस म्हणून चार जणींनी काचेच्या नव्या बांगड्या भरूनही आणल्या होत्या. तलावात काच फुटली तर तिचा तुकडा पाण्यात दिसत नाही, बावीस जणी अनवाणी असतात आणि खात्रीने साफ करायचे तर सगळे पाणी उपसावे लागते. प्रशिक्षिकांनी हे शांतपणे सांगितले, तरी श्रावणातल्या मंगळवारी बांगड्या उतरवायला दोघी तयार होईनात. शेवटी आमच्यातल्या एका काकूंनी घरून हिरव्या होजिअरीच्या कापडाच्या पट्ट्या कापून आणल्या. ज्यांच्या हातांत धातूच्या बांगड्या होत्या त्यांनी त्या पट्टीखाली घट्ट बसवल्या, काचेच्या बांगड्यांचे डबे कपाटात गेले आणि सर्वांच्याच मनगटावर हिरवे आले. फुले आणि पत्रीही पाण्यात न सोडता काठापासून दूर एका परडीत ठेवली. बीच पार्टीच्या लगद्याची आठवण ताजी असल्याने त्यावर कोणी वाद घातला नाही.

प्रत्यक्ष वर्ग असा झाला: आठ मिनिटे अंग मोकळे करण्यासाठी सूप, मग अर्धा तास झिम्मा, चालती फुगडी आणि कोंबडा आलटून पालटून, आणि शेवटी ताण देण्याचे व्यायाम. शेवटचा भाग ठरल्यापेक्षा आखूड करावा लागला, कारण क्लबचे पाणी तापवलेले नाही. अशा वर्गासाठी २८ ते ३० अंश सेल्सिअस तापमान सोयीचे मानतात आणि त्या दिवशी काठावरचा तापमापक जेमतेम २६ दाखवत होता. हवेपेक्षा पाणी अंगातली उष्णता कितीतरी वेगाने खेचून घेते, त्यामुळे स्थिर उभे राहताच काकडायला होते. पावसाळी बॅचची जाहिरात करताना पाणी तापवलेले नसल्याचे सांगायला हवे होते, ही माझी तक्रार कायम आहे.

गणपतीच्या दिवसांतील ‘लेझीम’ थीमबद्दल थोडक्यात लिहिते. खरी लेझीम पाण्यात गंजेल म्हणून फोमचे डंबेल दिले गेले. कल्पना ठीक होती, कारण लेझमीचे चार-चार मात्रांचे हात पाण्याच्या लयीत बसतात. पण फोमचे डंबेल जमिनीवरच्या डंबेलच्या उलट वागते. त्याला उचलावे लागत नाही, पाण्याखाली दाबून धरावे लागते आणि लक्ष नसेल तर ते खांदे कानापर्यंत वर ढकलते. बावीस जणींचे खांदे एकट्या प्रशिक्षिकांना काठावरून दिसणे शक्य नव्हते. बोटांच्या सांध्यांचे दुखणे असलेल्या दोघींनी सतत मूठ आवळावी लागल्याने अर्ध्यातच डंबेल सोडून दिले आणि नुसत्या पसरलेल्या तळहातांनी लेझीम केली. त्यांची लेझीम आमच्यापेक्षा डौलदार दिसली, हे सांगायला हरकत नाही.

दोन गोष्टी मात्र थीमच्या उत्साहाखाली झाकून जाऊ नयेत. बीच पार्टीच्या दिवशी मोठा स्पीकर लावण्यासाठी विजेचा एक्स्टेन्शन बोर्ड काठापासून चार-पाच फुटांवर, ओल्या फरशीवर ठेवला होता. मी ते दाखवल्यावर तो हलवण्यात आला आणि तेव्हापासून बॅटरीवर चालणारा स्पीकर वापरतात, पण हे सभासदाने दाखवावे लागू नये. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. लेझीमच्या दिवशी क्लबच्या प्रसिद्धीसाठी चित्रीकरण करायचे म्हणून जीवरक्षकाच्याच हातात मोबाइल देण्यात आला होता. ज्या माणसाची नजर पाण्यावर असायची ती तब्बल वीस मिनिटे पडद्यावर होती आणि पोहण्याच्या पोशाखातील आमचे चित्रीकरण आमच्यापैकी एकीलाही न विचारता चालू होते. लेखी हरकत घेतल्यावर ते चित्रीकरण काढून टाकल्याचे आम्हाला सांगितले गेले. चित्रीकरण हवेच असेल तर आधी संमती घ्यावी, त्यासाठी वेगळा माणूस ठेवावा आणि जीवरक्षकाला त्याच्या खुर्चीवरून हलवू नये, एवढेच आमचे म्हणणे होते.

बाकी सोयी बऱ्या आहेत. कपडे बदलण्याच्या खोल्या स्वच्छ असतात, पण बावीस जणींना चार खोल्या पुरत नाहीत, त्यामुळे घरूनच पोशाख आत घालून जाणे सोयीचे पडते. नूडल आणि किकबोर्ड नवे आहेत. क्लोरिन आणि पीएचची नोंद फलकावर रोज लिहिली जाते, हे मला विशेष आवडले. डोळे चुरचुरणारा उग्र वास आला म्हणजे पाणी जास्त स्वच्छ आहे असा अनेकींचा समज होता. घाम आणि मळाशी क्लोरिनचा संयोग झाला की तसा वास येतो, म्हणून पाण्यात उतरण्याआधी साबणाने अंघोळ करा, हे प्रशिक्षिकांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते. ते किती जणी पाळतात हा भाग वेगळा.

गुडघे, कंबर किंवा वजन यांमुळे जमिनीवरचा व्यायाम ज्यांना जमत नाही, त्यांनी हा वर्ग जरूर लावावा. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब किंवा फिट येण्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये. माझा गुडघा बरा झालेला नाही आणि होणारही नाही, पण सप्टेंबरअखेर मी एक मजला कठड्याला न धरता चढू लागले आहे. ऑक्टोबरच्या बॅचचे पैसे मी भरले आहेत. नवरात्रासाठी नऊ रंगांची थीम घाटते आहे असे कळताच मी प्रशिक्षिकांना चिठ्ठी दिली की रंग डोक्यावरच्या टोप्यांपुरता ठेवावा, पाण्यात काही सोडू नये आणि गरबा घेणार असाल तर तिसरी टाळी हवेतच ठेवावी.